कुत्रा ‘रडतो’ तेव्हा

आपला कुत्रा रडतो, हे मालकाला सगळ्यात शेवटी कळतं. साहजिकच आहे, तो रडतो तेव्हा मालक घरात नसतो. आम्हाला ते शेजारच्या काकूंकडून कळलं, तेही काकूंनी दोन महिने कानावर हात ठेवून काढल्यावर. नेरूळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एका मजल्यावर चार दारं आणि मधे जेमतेम सहा फुटांचा पॅसेज. संध्याकाळी लिफ्टमधून बाहेर पडले तर काकू दारातच उभ्या.

“अगं, रागावू नकोस हं. पण तुझा चिकू रडतो गं, तुम्ही गेल्यावर. असा लांब हेल काढून. काकांचं ऑपरेशन झालंय, घरात आजारी माणूस... बरं नाही वाटत ऐकायला.”

काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. ‘अशुभ’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. पण ‘घरात आजारी माणूस’ म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला आणि न बोललेलं सगळं मला ऐकू आलं. कुत्रा रडला की कोणीतरी जाणार, कुत्र्याला यम दिसतो, हे आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलेलं असतं. यम आणि कुत्रा ही जोडी जुनी आहे. ऋग्वेदात यमाच्या वाटेवर दोन कुत्रे राखण करतात, तेही चार-चार डोळ्यांचे. (दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक तांबूस ठिपका असलेली कुत्री आपल्या गल्लीतही दिसतात. लांबून बघा, चार डोळेच वाटतात.)

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. कुत्रा भुंकतो, गुरगुरतो, केकाटतो, कुंईकुंई करतो. आणि तोंड वर करून लांब सूर लावतो तेव्हा आपण त्याला सरळ ‘रडतो’ म्हणतो. रडतो म्हटलं की दुःख आलं, दुःख आलं की कारण शोधणं आलं, आणि कारण सापडलं नाही की यम हजर. म्हणून या लेखात मी काकूंचाच दुसरा शब्द घेणार आहे: हेल.

बांधावरची हाक

गावाकडे शेताच्या या बांधावरून पलीकडच्या बांधावरच्या माणसाला बोलवायचं असेल तर आपण “अरे बाळू, जेवायला ये” असं भरभर म्हणत नाही. आपण “बाळूऽऽऽ होऽऽऽ” असा स्वर ताणतो. तुटक अक्षरं वाऱ्यात विरून जातात, ताणलेला स्वर पोचतो. शब्द नाही कळला तरी चालतं. कोण हाक मारतंय आणि कुठून, एवढं कळलं की काम झालं.

भुंकणं आणि हेल यांतला फरक नेमका हाच. भुंकणं तुटक, खरखरीत आणि जवळच्यासाठी असतं: दारात कोण आहे, माझ्या वाटीपासून लांब हो. हेल लांबच्यासाठी असतो. एकाच सुरात धरलेला, खालच्या पट्टीतला आवाज झाडाझुडपांत कमी शोषला जातो आणि दूरवर ओळखू येतो. लांडग्यांचा हेल साधारण १५० ते ७८० हर्ट्झच्या पट्ट्यात मोजलेला आहे. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर मंद्र सप्तकापासून तार सप्तकापर्यंत. असा आवाज मोकळ्या रानात कित्येक किलोमीटर जातो. मान वर करणं हेही नाटक नाही. मान ताणली की गळ्यापासून तोंडापर्यंतची वाट सरळ होते, ओठ गोल होतात आणि सूर मोकळा सुटतो. गाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

लांडग्यांचं नाव निघालंच आहे तर ते पुरं करू. कुत्रा माणसाकडे येऊन किमान १५ हजार वर्षं झाली, पण त्याच्या गळ्यातलं हे वाद्य लांडग्याचंच आहे. लांडगे कळपात राहतात आणि शिकारीच्या मागे पांगतात. पांगलेल्यांना एकत्र आणायचं, आणि शेजारच्या कळपाला ‘हा इलाखा आमचा’ हे लांबूनच सांगायचं, ही दोन्ही कामं हेल करतो. त्यात एक गंमत आहे. चार-पाच लांडगे एकत्र हेल काढतात तेव्हा एकाच्या सुरात दुसरा सूर मिळवत नाही. दोघं एका सुरावर आले तर एक जण सरकतो. सगळे सूर वेगवेगळे राहिल्यामुळे लांबून ऐकणाऱ्याला कळप आहे त्याहून मोठा वाटतो. आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर रात्री फक्त चार कुत्री असतात. पहाटे तीनला ती सुरू झाली की शपथेवर दहा-पंधरा तरी वाटतात.

ऑस्ट्रियात लांडग्यांवर संशोधन करणारी एक संस्था आहे. तिथल्या माणसाळलेल्या लांडग्यांवर केलेला एक साधा प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कळपातल्या एकेका लांडग्याला फिरायला बाहेर न्यायचं आणि मागे राहिलेले किती हेल काढतात ते मोजायचं. कळपातला वरच्या मानाचा लांडगा गेला की हेल वाढले. तेवढं अपेक्षितच होतं. पण ज्याचं ज्याच्याशी जास्त सख्य, तो गेल्यावरही त्याचे हेल वाढले. संशोधकांनी त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरकही मोजलं होतं. सोबती गेल्यावरचे हेल नुसत्या ताणाने समजावता येईनात. म्हणजे हेल हा घाबरून आपोआप निघालेला आवाज असेलच असं नाही. तो बराचसा मुद्दाम मारलेली हाक असतो, आणि प्रत्येक हाक कोणासाठी तरी असते.

मला विचाराल तर पाळीव कुत्र्याबद्दल कामाचं एवढं एकच आहे. हेल ऐकला की ‘याला गप्प कसं करू’ हे नंतर. आधी ‘ही हाक कोणाला आहे’ हे बघायचं. पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं.

काकूंचं कॅलेंडर

मी काकूंची माफी मागितली आणि एक मदतही मागितली. चिकू कधी हेल काढतो तेवढी वेळ लिहून ठेवाल का? काकूंकडे कालनिर्णय होतंच. दुधाचे खाडे आणि बाईचे खाडे त्या ज्या बारीक अक्षरात लिहितात, त्याच अक्षरात दोन आठवडे नोंदी झाल्या: ‘कु. रडला ९.०५’, ‘कु. रडला ९.००, परत ११.३०’, ‘कु. रडला ७.१५ सं.’ बँकेची शिस्त.

शेजाऱ्याने तक्रार केली की आपण आधी चिडतो, मग वाद घालतो, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडल्याची चिन्हं टाकतो. त्यापेक्षा शेजाऱ्याला साक्षीदार करून घ्यावं. आपल्या कुत्र्याचं आपण नसतानाचं आयुष्य फक्त त्यालाच ठाऊक असतं. काकूंच्या जोडीला मी जुना फोन टीव्हीच्या कपाटावर रेकॉर्डिंग चालू करून ठेवला. ज्यांना शक्य आहे त्यांनी कॅमेरा लावावा, पण पहिल्या तासाभराचं रेकॉर्डिंग पुरतं.

दोन आठवड्यांनी कॅलेंडरवर दोन प्रकार स्पष्ट दिसले. रोज सकाळी नऊच्या आसपास, आठवड्याचे पाचही दिवस आणि सोमवारी सगळ्यात जास्त. आणि मंगळवारी संध्याकाळी सव्वासातला. एकच कुत्रा, एकच आवाज, पण हाका दोन.

मंगळवारची गोष्ट सोपी होती. खालच्या गणपतीच्या देवळात सव्वासातला आरती असते आणि आरतीत शंख वाजतो. शंखाचा सूर लांब, एकसंध, हळूहळू चढणारा आणि उतरणारा. कुत्र्याच्या कानाला तो कोणाच्या तरी हेलासारखा लागतो आणि तो उत्तर देतो. ॲम्ब्युलन्सचा सायरन, कोणाचा तानपुरा, माउथ ऑर्गन, लोकलचा लांब भोंगा, सगळ्यांचं हेच. पुष्कळांना वाटतं सायरनने कुत्र्याचे कान दुखतात. कुत्र्याचे कान तीक्ष्ण आहेत हे खरं. आपल्याला २० हजार हर्ट्झच्या पुढे काही ऐकू येत नाही, त्याला जवळपास ४५ हजारांपर्यंत येतं. पण दुखत असेल तर तो दूर पळेल, पलंगाखाली शिरेल, थरथरेल, कान मागे पाडेल. चिकू काय करायचा? झोपेतून उठून गॅलरीत जायचा, मान वर करून तीनदा सूर लावायचा आणि परत येऊन झोपायचा. याला काही करायचं नसतं. फार तर आरतीच्या वेळी गॅलरीचं दार लावावं आणि त्याला हुंगत शोधायला चार दाणे टाकावेत. आमच्या सासूबाईंचं मत असं की तो पूर्वजन्मीचा भक्त आहे. असेना.

नवी मुंबईत राहणाऱ्यांसाठी या यादीत एक खास भर आहे. पामबीच रोडच्या पलीकडे, खाडीकाठच्या खारफुटीत कोल्हे राहतात. खारघर, वाशी, ऐरोली सगळीकडे ते दिसलेले आहेत. तिन्हीसांजेला त्यांची कोल्हेकुई सुरू झाली की कुत्र्यांना राहवत नाही. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटायचं की रस्त्यावरची कुत्री आधी सुरू करतात. नीट ऐकलं तर आधी खाडीकडून बारीक, चिरका आवाज यायचा, मग उत्तरं. आपण त्यांच्या रानात इमारती बांधल्या, ते अजून तिथेच आहेत आणि आपली कुत्री त्यांना ओळखतात.

हेलाला हेलाने उत्तर देणं सगळ्या जातींत सारखं नसतं. बुडापेस्टच्या एटवश लोरांद विद्यापीठात ६८ पाळीव कुत्र्यांना लांडग्यांच्या हेलाचं रेकॉर्डिंग ऐकवलं. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. वंशाने लांडग्याच्या जवळच्या, जुन्या जातींची कुत्री जास्त वेळ हेल काढत राहिली, नव्या जातींची बहुतेक भुंकून मोकळी झाली. हा फरक पाच वर्षांपुढच्या कुत्र्यांत ठळक होता. म्हणून घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमध्ये एसी लावून सांभाळलेला हस्की तासन्‌तास ‘गाणी म्हणतो’ तेव्हा त्याला शिकवण कमी पडलेली नसते. त्याच्या रक्तात हेल जास्त आहे, इतकंच. (बर्फातलं कुत्रं ठाण्याच्या मे महिन्यात का आणावं, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मी इथे देत नाही, कारण माझा तोल सुटतो.)

नऊ वाजताची हाक

आता सकाळची नोंद. रेकॉर्डिंग बघताना माझ्या घशाशी आलं, हे कबूल करते. ८.५२ला आमचं दार बंद होतं. चिकू दारासमोर उभा राहतो, कान टवकारून लिफ्टचा आवाज ऐकतो. मग फेऱ्या: दार, गॅलरी, दार, गॅलरी. त्याच्यासाठी ठेवलेल्या खाऊला तोंडही लावत नाही. जीभ बाहेर, लाळ गळतेय. नऊ वाजून एक मिनिटाने पहिला हेल. मग पंजांनी दार खरवडणं. मग पुन्हा हेल. अर्ध्या तासाने दमून दाराला नाक लावून आडवा. साडेअकराला कुरिअरवाल्यासाठी लिफ्ट वाजली की पुन्हा पहिल्यापासून.

कुत्रा घरी एकटा राहून कंटाळला, तर सहसा असं दिसत नाही. कंटाळलेला कुत्रा आधी झोप काढतो, खाऊ फस्त करतो, मग दुपारी कधीतरी उशी फाडतो आणि जमलं तर दोन हेल काढतो. त्याला काम हवं असतं: सकाळी घाईघाईने ‘शू-शी’ उरकण्याऐवजी अर्धा तास मनसोक्त हुंगत फिरणं, आणि पोकळ रबरी खेळण्यात भरून फ्रीझरमध्ये गोठवलेला दहीभात. (फोडणी नको, कांदा-लसूण अजिबात नको, मनुका आणि चॉकलेट तर विषच.) पण जाताक्षणी फेऱ्या, लाळ, दाराची खरवड, खाण्याला नकार, आणि हे सगळं पहिल्या अर्ध्या तासातच, अशी चौकडी जमली तर तो कंटाळा नसतो. ती धास्ती असते. माणसात याला आपण पॅनिक म्हणतो. पशुवैद्य याला सेपरेशन अँग्झायटी म्हणतात, आपण विरहाची धास्ती म्हणू.

चिकूला ती का लागली? तो २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत आमच्याकडे आला. तीन महिन्यांचं गावठी पिल्लू. आम्ही दोघं चोवीस तास घरात, लॅपटॉपच्या खाली त्याचं डोकं. एकटं राहायचं असतं हे त्याला कोणी शिकवलंच नाही. मग आधी नवऱ्याच्या आणि मग माझ्या ऑफिसने पाचही दिवस बोलावलं, आणि एका सोमवारी त्याचा अख्खा कळप ८.५२ला दारातून नाहीसा झाला. लांडग्याच्या हिशोबाने त्याने जे केलं ते अगदी बरोबर केलं. पांगलेल्यांना हाक मारली. उत्तर आलं नाही, म्हणून मारतच राहिला.

अशा कुत्र्याला ‘रडू दे, आपोआप शांत होईल’ हा सल्ला हमखास मिळतो. लक्ष वेधायला काढलेल्या हेलासाठी तो बरोबरही आहे. तुम्ही जेवताना पोळीसाठी सूर लावणाऱ्याकडे बघायचंच नाही. आधी दोन-चार दिवस तो आवाज वाढवेल, तिथे विरघळलात तर मोठ्या आवाजाला पोळी मिळते हे तो शिकेल. टिकलात तर सुटेल. धास्तीला मात्र हे लागू नाही. बुडणाऱ्या माणसाला ओरडू देऊन पोहायला शिकवत नाहीत. ओरडणं, मारणं, शॉक देणारे पट्टे, तोंडाला मुसकी बांधून जाणं, यांनी आवाज थांबेलही. पण धास्ती तिथेच राहते, फक्त काकूंना ऐकू येत नाही. दुसरं कुत्रं आणलं तरी बहुधा उपयोग नसतो, कारण हाक कुत्र्याला नसते, माणसाला असते. कधीकधी एकाचे दोन होतात आणि दोघं मिळून गातात.

उपाय आहे, पण कूर्मगतीचा. एकटं राहणं ही सवय आहे, आणि ती इतक्या लहान घासांनी भरवायची की धास्ती जागीच होऊ नये. आम्ही सुरुवात पाच सेकंदांनी केली. दार उघडायचं, बाहेर जायचं, पाच सेकंदांत परत. ना टाटा, ना लाड. असं दहा वेळा. तो मान उचलत नाही असं दिसलं की दहा सेकंद. मग वीस. मधेच पुन्हा पाच, म्हणजे दर वेळी वाढतच जातंय असं त्याला वाटू नये. एखाद्या वेळी तो फेऱ्या मारू लागला तर आपण घाई केली, दोन पायऱ्या मागे. अर्ध्या मिनिटाला आम्हाला आठवडा लागला. पंधरा मिनिटांना महिना. गंमत म्हणजे पहिला अर्धा-पाऊण तास पार झाला की पुढची वाढ भराभर होते, कारण धास्तीचा जोर सुरुवातीलाच असतो.

सोबत दुसरं काम चालू होतं. आम्ही जाणार हे चिकूला दार बंद होण्याच्या कितीतरी आधी कळायचं: डबा भरला, डिओ मारला, किल्ल्या वाजल्या. किल्ल्यांच्या आवाजालाच त्याचे कान पडायचे. मग आम्ही दिवसातून आठ-दहा वेळा उगाच किल्ल्या वाजवून सोफ्यावर बसायचो, सँडल घालून भांडी घासायचो. रविवारी सकाळी खांद्याला ऑफिसची बॅग लावून पोहे खाणारा नवरा बघून सासूबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही. पण दोन आठवड्यांत किल्ल्यांचा अर्थ पुसला गेला.

यात खरी अडचण कुठे आहे ते मला माहीत आहे, कारण मीही हार्बर लाइनवरच लटकते. सराव चालू असताना कुत्र्याला त्याच्या ताकदीबाहेर एकटं ठेवायचं नाही, असा नियम आहे. सकाळी पंधरा सेकंदांचा सराव आणि नंतर दहा तास एकटा, म्हणजे एका हाताने बांधायचं आणि दुसऱ्याने पाडायचं. आम्ही काय केलं? सासूबाई डोंबिवलीहून महिनाभर राहायला आल्या. त्यांच्याशी चिकूचं फारसं सूत नव्हतं, पण त्या घरात असताना एकही हेल नाही. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळली: त्याला ‘आम्हीच’ हवे होतो असं नाही, ‘कोणीतरी’ हवं होतं. सगळ्यांच्या बाबतीत असं नसतं. काही कुत्री एकाच माणसाला धरून असतात. पण ‘कोणीतरी’ चालत असेल तर काम खूप सोपं होतं. सासूबाई परत गेल्यावर आठवड्यातले दोन दिवस घरून काम, आणि बाकीचे दिवस दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा पुस्तकं घेऊन आमच्याकडे बसायचा, पंख्याखाली, वायफाय फुकट. कुत्र्यांची पाळणाघरं आता ठाण्यात आणि नवी मुंबईतही आहेत. खिशाला परवडतील आणि आपल्या कुत्र्याला गर्दी सोसत असेल तर तीही चालतील.

धास्ती फारच तीव्र असेल, कुत्रा नखं तुटेपर्यंत दार खरवडत असेल, तर नुसत्या सरावाने भागत नाही. यावर औषधं आहेत. फ्लुऑक्सेटीन हे माणसांना नैराश्यात देतात ते औषध अमेरिकेत २००७ मध्ये कुत्र्यांच्या याच त्रासासाठी मंजूर झालं, पण वागणुकीच्या सरावाच्या जोडीनेच. ते पशुवैद्यानेच तपासून द्यायचं. ‘कुत्र्याला वेड्याच्या गोळ्या’ म्हणून नाक मुरडू नये, आणि घरातल्या कोणाच्या डब्यातली गोळी अर्धी करून देण्याचं धाडस तर मुळीच करू नये.

रात्रीचा हेल आणि यम

काकूंच्या न बोललेल्या शब्दाकडे परत येते. हेल रात्रीच का ऐकू येतात? एक तर रात्री बाकीचे आवाज थांबतात. दुसरं कारण हवेतलं आहे. दिवसा जमीन तापलेली असते, तिच्यालगतची हवा गरम, आणि आवाज वर वळून निघून जातो. रात्री जमीन निवते, खालची हवा वरच्यापेक्षा थंड होते आणि आवाज खाली, जमिनीकडे वळतो. म्हणून दिवसा कधी न ऐकू येणारी लांबची लोकल रात्री अगदी उशाशी वाजते. कुत्र्यांचे हेलही तसेच.

आणि रात्री जागं कोण असतं? आजारी माणसाच्या उशाशी बसलेलं माणूस. तेच ते हेल ऐकतं. माणूस बरं होऊन उठलं की हेल विसरले जातात. गेलं तर मात्र जन्मभर आठवतात: ‘त्या रात्री कुत्रं रडत होतं.’ रडत तर ते आदल्या पंधरवड्यातही होतं.

भाद्रपदात हे आवाज वाढतात, त्याचं कारण मराठी माणसाला सांगायची गरज नाही. तो कुत्र्यांच्या माजाचा हंगाम आहे, म्हणीत बसलेला. घरातल्या नराला लांबच्या मादीचा वास लागतो आणि तो गॅलरीत उभा राहून हेल काढतो, जेवण सोडतो, दाराशी घुटमळतो. नसबंदी हा त्यावरचा सरळ उपाय आहे, आणि तो फक्त आवाजासाठी नाही.

काही हेलांकडे मात्र लगेच लक्ष द्यायला हवं. कधीच हेल न काढणारा कुत्रा अचानक काढू लागला, आणि उठता-बसताना, जिना चढताना किंवा हात लावल्यावर काढू लागला, तर ते दुखणं आहे. कान, दात, कंबर, सांधे, काहीही असू शकतं. दवाखान्यात न्या आणि जाताना मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, कारण टेबलावर चढवल्यावर कुत्री हमखास शहाण्यासारखी वागतात. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका.

म्हातारा कुत्रा रात्री दोनला उठून भिंतीकडे तोंड करून हेल काढतो, कोपऱ्यात अडकतो, दाराच्या चुकीच्या बाजूला उभा राहतो, हे स्मृतिभ्रंशासारखं असतं. कॅलिफोर्नियात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्क्यांत याचं एक तरी लक्षण होतं. त्यांना ओरडू नये. त्यांना खरंच कळत नाही की आपण कुठे आहोत. मंद दिवा चालू ठेवा, पलंगाची-सोफ्याची जागा हलवू नका, झोपण्यापूर्वी एकदा बाहेर नेऊन आणा. कान गेलेले असतील तर स्वतःचा आवाजही त्याला ऐकू येत नसतो, म्हणून तो मोठ्याने हाक मारतो. जवळ जाऊन हात ठेवणं हेच उत्तर. जवळ घेतल्याने भीती ‘वाढते’ हा समज सोडून द्या. दिवाळीच्या फटाक्यांत पलंगाखाली थरथरणाऱ्यालाही हेच लागू.

आणि एक गंभीर. लस न दिलेल्या कुत्र्याचा आवाज एकाएकी घोगरा, बदललेला येऊ लागला, लाळ गळतेय, गिळता येत नाही, स्वभाव पालटलाय, तर ‘घशात हाड अडकलं असेल’ म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीजमध्ये घशाचे स्नायू लुळे पडतात आणि भुंकण्याचा हेल होतो. चावा किंवा लाळ लागलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि तडक लस घ्यायला जा.

सोसायटीबद्दल थोडक्यात, कारण पुढची भांडणं तिथेच होतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, भुंकण्याचं कारण दाखवूनही नाही. हा कागद कुत्रेवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतो. त्याच लोकांनी १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ कधी वाचलेलं नसतं. कुत्र्याला सतत बांधून किंवा कोंडून ठेवायचं आणि पुरेसं फिरवायचं नाही, हा त्यात मालकाचा गुन्हा आहे. कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून शेजारच्या आजारी माणसाची झोप आपल्या मालकीची होत नाही, हे मला काकूंनी न भांडता शिकवलं.

चिकू आता चार तास एकटा राहतो. त्याहून जास्त अजून नाही, म्हणून दुपारी तो कॉलेजातला मुलगा चक्कर टाकतो. काका हिंडूफिरू लागलेत, सकाळी चिकूबरोबर गेटपर्यंत जातात. कॅलेंडरचं काम मी कधीच थांबवायला सांगितलं होतं, पण काकूंना नोंद ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. परवा वाटी परत द्यायला गेले तेव्हा भिंतीवर बघितलं. दुधाच्या दोन खाड्यांच्या मधे, त्याच बारीक अक्षरात, आठवडाभरात एकच ओळ होती: ‘गु. ७.१० सं. खाडीवर कोल्हे. चिकूने उत्तर दिलं.’